वाटीतल्या काड्या

शेजारच्या रेश्मानं मधाच्या पेटीचं झाकण उचललं आणि असा भपका आला, की मी पदर नाकाला लावून मागं सरले. पोळ्याच्या फळ्यांवर पांढरी जाळी, तळाला काळी घाण, आणि मेणात वळवळणाऱ्या पेराएवढ्या मळकट अळ्या.

"मेणकिडा लागला गं," रेश्मा रडकुंडीला आली. "माश्या कमी झाल्या की ह्यो शिरतुया. आता उरल्यासुरल्या बी उडून जातील बघ."

पेटीतली ही सातेरी जातीची माशी भारी मानी. घर नासलं की राणीला घेऊन जाते ती जातेच. पलूसला प्रशिक्षण घेऊन आणलेली परड्यातली ही एकच पेटी रेश्मानं दोन वर्षं लेकरासारखी जपली होती.

तिनं प्रशिक्षणातल्या सरांना मोबाइलवर फोटो धाडला. सर म्हणाले, आधी मुंग्या बघा. म्हणून खाली वाकलो. मुंग्या चढू नयेत म्हणून पेटीचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले. प्रत्येक वाटीत तुरीची काडी आडवी टाकलेली, आणि तिच्यावरून मुंग्यांची रांग खुशाल वर निघालेली.

"ह्या काड्या कुणी टाकल्या?" मी विचारलं.

"म्या," रेश्माची सासू धोंडुबाई उंबऱ्यातनं म्हणाली. "बुडून मरत हुत्या गं बिचाऱ्या. मुका जीव मारला तर पाप लागतं."

"आवं आत्या, त्यांनीच माज्या माश्यांची पिल्लं खाल्ली की!"

"मग त्यांनी काय उपाशी मरायचं व्हय?"

मला असा संताप आला! सुनेच्या चहात चिमटीनं साखर घालणारी ही म्हातारी रोज मुंग्यांना मूठभर घालते.

रेश्मानं राणी असलेली फळी अलगद बाजूला ठेवली आणि बाकीच्या खरडून अळ्या सुपात काढायला लागली. "मारू नगंस गं," म्हणत धोंडुबाई सुपावर वाकली. तेवढ्यात एक अळी तिच्या मनगटावरनं चोळीच्या बाहीत शिरली.

"आगं आय! काड, काड ती!"

हात झटकून झटकून अळी खाली पडली. म्हातारीनं पायातली चप्पल काढून अशी हाणली, की पिवळा चिकटा उडाला.

पेटी पुसून राणीची फळी परत आत ठेवली. काड्या काढल्या. ऊन कलेपर्यंत माश्या दारातनं ये-जा करायला लागल्या, घर सोडून एकही गेली नाही. रेश्माचा जीव भांड्यात पडला.

धोंडुबाई मात्र सूप पुढ्यात घेऊन अजून चप्पल आपटत होती.

"आत्या, पाप लागंल की," रेश्मा म्हणाली.

"लागू दे मला. ती जाडी पळतीया बघ, आडीव तिला!"