पट्टा सोडल्यावर

कराटेच्या क्लासात मास्तरांची लाथ प्रसिद्ध होती. समोरच्याच्या कानाजवळून ती अशी सणकन जायची, की बघायला आलेले पालक पोरांची नावं तिथल्या तिथे घालून मोकळे व्हायचे. मास्तरांचं पोटही प्रसिद्धीच्या वाटेवर होतं. पण काळा पट्टा करकचून आवळला की ते आत जायचं आणि कंबर ताठ राहायची. मास्तर त्यालाच ताकद समजत.

त्यांचा धाकटा भाऊ त्याच हॉलमध्ये दुसरी तुकडी घ्यायचा. त्याच्याकडे लाथा कमी आणि जमिनीवर पडणं फार. पोरं कोपरांवर अंग तोलून, फळीसारखी सरळ, थरथरत असायची.

"दादा, लाथेचा जोर पायात नसतो. पोटात आणि कमरेत असतो."

"असं? मग बूटही पोटालाच घालत जा," मास्तर म्हणायचे. "इथे लढवय्ये घडवायचेत, फरशी पुसणारे नाहीत."

आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला!

मग संघटनेने ठरवलं, की क्लासला प्रमुख एकच हवा. दोघा भावांतला जो वरच्या पदवीची परीक्षा पास होईल, तो. रिकाम्या गोदामात चार पोरं घेऊन मास्तरांनीच हा क्लास उभा केला होता. तो हातचा गेला तर आपण कोण, हे त्यांना खरोखरच सांगता आलं नसतं. म्हणून त्यांनी कसून तयारी केली, म्हणजे आणखी रुंद पट्टा आणला.

परीक्षक बाई ठेंगण्या, चष्मा लावलेल्या. लाथ बघून त्या म्हणाल्या, "छान. आता पट्टा सोडा आणि पाय तसाच वर धरून उभे राहा."

पट्टा सुटला, पोट सुटलं, पाय कसाबसा वर गेला. बाईंनी खांद्याला दोन बोटं नुसती टेकवली आणि मास्तर बुडावर आपटले.

"फरशी निसरडी आहे," ते म्हणाले. नाचता येईना, अंगण वाकडं. त्याच फरशीवर बाईंनी धाकट्याला दोन्ही हातांनी ढकललं, तरी तो हलला नाही.

क्लास धाकट्याचा झाला. मास्तर घरी रुसून पडून राहिले. शेवटी बायको वैतागली. "अहो, लोळायचंच आहे तर क्लासात जाऊन लोळा."

दुसऱ्या दिवशी मास्तर शेवटच्या रांगेत, कोपरांवर. शेजारची शेंबडी पोरं आरामात होती; यांच्या मात्र दाढीवरून घाम गळत होता. पोट थरथरायला लागलं, आता पडणार, इतक्यात धाकट्याने टाळी वाजवली. "थांबा! आज एवढंच."

पोरं खूश होऊन पळाली. मास्तर पालथेच पडून राहिले. धाकटा पाणी घेऊन आला.

"माझ्यासाठी थांबवलंस ना?"

धाकट्याने पाण्याचा पेला पुढे केला. मास्तरांचे डोळे भरून आले होते आणि या वेळी त्यांना कुठलंही कारण सुचलं नाही.

"उद्या थांबवू नकोस," ते म्हणाले. "मला पडू दे."