ब्रेकवर पाय कुणाचा

ब्रेक दाबला की छोटी गाडी किंचाळू लागली, आणि अरविंदरावांनी जागच्या जागी निकाल लावला. जयमालाचा पाय सारखा ब्रेकवर असतो, ब्रेक पॅड तिनेच खाल्ले. आता तिने गाडीला हात लावायचा नाही.

जयमालाने छपन्नाव्या वर्षी लायसन्स काढलं होतं. बुधवारी करावेला मासळी, शुक्रवारी नेरुळला बहीण. कुणाची मिनतवारी न करता जाता येत होतं. गाडी हातातून गेली की पुन्हा 'अहो, सोडता का जरा?' सुरू. अरविंदराव सोडायचेही, पण जाता-येता उपकार ऐकवायचे.

वाद घालण्यात अर्थ नव्हता. ती एवढंच म्हणाली, "गॅरेजवाल्याला दाखवू तरी."

जुईनगरच्या गॅरेजवाल्या बाबासोने पुढचं चाक उतरवलं आणि पॅड काढून तळहातावर ठेवला. घासणारा थर जेमतेम दोन मिलिमीटर उरला होता.

"तीनच्या खाली आला की बदलायचा," तो म्हणाला. "अजून महिनाभर रेटलं असतं तर लोखंडावर लोखंड घासून डिस्क गेली असती. अन् ऐन वक्ताला गाडी थांबली नसती."

"अठरा हजार किलोमीटरांत संपले! बघ, सांगत होतो ना?" अरविंदराव बायकोकडे वळले. जयमालाने मान खाली घातली.

बाबासो मात्र डिस्ककडे, पॅड जिला घासतात त्या चकतीकडे, बघत होता. ती निळसर पडली होती.

"काका, ही लई तापलीय. गावातल्या ब्रेकनं असं न्हाय होत. घाटात लांब दाबून धरलं की होतंय. घाट कोण उतरतं?"

"साताऱ्याहून येताना मीच. हिच्या हातात घाट देतोय होय!"

"गिअर कुठला असतो?"

"न्यूट्रल!" अरविंदरावांची छाती फुगली. "पेट्रोल वाचतं."

बाबासोला हसू आवरेना. "अहो, गिअरात ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी इंजिन पेट्रोल पीत न्हाय. वर तेच गाडी धरून ठेवतंय. न्यूट्रलला सगळा भार ह्या पॅडांवर!"

अरविंदराव समोरच्या पंक्चरवाल्याकडे टक लावून बघत राहिले. जयमालाला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणीच आलं. टोमणे चार-पाच सुचले होते, पण तिने ते गिळले. नवऱ्याचा चेहरा पाहून तिला थोडी दयाही आली.

नवे पॅड बसले. हात पुसत बाबासो म्हणाला, "पहिले दोनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारायचा न्हाय. हलक्या पायाच्या माणसाला चालवू द्या."

अरविंदरावांनी सवयीने ड्रायव्हरचं दार उघडलं. एक पाय आतही टाकला. मग तो मुकाट्याने बाहेर काढला, अख्ख्या गाडीला वळसा घातला आणि डाव्या सीटवर बसून पट्टा लावला.

जयमालाने सीट पुढे ओढली आणि गाडी काढली. पहिलाच सिग्नल लाल झाला. अरविंदरावांचा उजवा पाय रिकाम्या जमिनीवर करकचून दाबला गेला. जयमालाने गाडी अलगद थांबवली.