अकरा नावांचा भोंगा

मित्रांनो, मला तोंड आहे, पण आवाज माझा नाही. मी चौकातल्या खांबावरचा एक जुना भोंगा आहे. एका कारखान्यात पत्रा ठोकून मला घडवलं, नगरपालिकेने विकत घेतलं आणि वायरमनने शिडी लावून मला इथे टांगलं. तेव्हा त्याला नुकतीच मिसरूड फुटली होती आणि मी इतका चकचकीत होतो, की तो माझ्यात बघून भांग पाडायचा.

वर्षभर मी किरकोळ कामं करत असे. पाणी किती वाजता येणार, कुणाची छत्री सापडली, कर कधी भरायचा. लोक म्हणायचे, "लागला बोंबलायला!" मी ते मनाला लावून घेत नसे, कारण वर्षातली एक सकाळ माझी होती.

ती राष्ट्रीय दिनाची सकाळ. माझ्यासमोर एक शिळा आहे. देशासाठी लढताना गेलेल्या अकरा जणांची नावं तिच्यावर कोरली आहेत. त्या काळी सगळे एकमेकांना घरावरून ओळखत, म्हणून शिळेवरही तसंच आलं: टपालवाल्याचा जावई, सुताराचा थोरला, घड्याळजीचा धाकटा. पहिल्या वर्षी ही यादी एका मास्तरांनी वाचली. मास्तरच ते, त्यांनी ती हजेरीसारखी वाचली. "सुताराचा थोरला" म्हणताच गर्दीतून त्याची आई भाबडेपणाने बोलून गेली, "हजर." कुणी हसलं नाही. मास्तर थबकले, आणि पुढच्या नावाला त्यांनी उत्तराची वाट पाहिली. तेव्हापासून तो नेमच झाला. घरच्या माणसाने "हजर" म्हटल्याशिवाय पुढचं नाव घ्यायचं नाही.

घड्याळजीच्या धाकट्यासाठी त्याची बहीण यायची. ती शिवणकाम करायची आणि सगळा चौक तिला आत्या म्हणायचा. सकाळीच आपलं स्टूल घेऊन ती शिळेजवळ बसायची. बेकरीतलं कुत्रं तिच्या पायाशी मुटकुळं करून पडायचं. भावाचं नाव आलं की ती उठायची, माइकमध्ये "हजर" म्हणायची आणि मग बारीकसं खोकायची. तो खोकला वयाचा होता की गिळलेल्या रडण्याचा, ते मला कधी कळलं नाही. तिला मूलबाळ नव्हतं. दरवर्षी ती नगरपालिकेच्या कारकुनाला विचारायची, "माझ्यामागे याला हजर कोण म्हणेल रे?"

"बघू आत्या, करू काहीतरी व्यवस्था," कारकून म्हणायचा.

मग लोक त्या सुट्टीला दुसरी सुट्टी जोडून फिरायला जाऊ लागले. काही घरं गाव सोडून गेली. इथेच घोडं पेंड खाऊ लागलं. नाव घ्यावं तर उत्तर नाही, आणि उत्तराशिवाय पुढे जाता येत नाही! पाहुणे घड्याळात बघू लागले, कारकुनाला घाम फुटला. शेवटी त्याने वायरमनला खांबामागे उभं केलं. तीन नावांना वायरमनने घसा बदलून बदलून "हजर" म्हटलं.

"हे सगळं रेकॉर्ड करून ठेव," कारकून त्याला सुरुवातीलाच म्हणाला होता. "पुढच्या वर्षी कटकट नको."

पुढच्या वर्षी काय झालं ते सांगताना पत्र्याच्या अंगावरही काटा येतो. आत्या नेहमीसारखी आली. बटण दाबलं, मी नावं वाचू लागलो. "घड्याळजीचा धाकटा," मी म्हणालो. आत्या गुडघ्यावर हात टेकून उठली, तिने तोंड उघडलं, आणि तिच्या आधी, तिच्याच आवाजात, मी म्हणालो, "हजर." मग मी बारीकसं खोकलो.

आत्या तशीच उभी राहिली. उघडलेलं तोंड तिने हळूच मिटलं. पायाशी पडलेलं कुत्रं एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिलं.

कारकून मात्र खुशीत होता. सुंठीवाचून खोकला गेला होता. "झाली की नाही व्यवस्था, आत्या? आता तुमचा आवाज कायमचा राहिला!"

"व्यवस्था झाली रे," आत्या म्हणाली. "पण हजर कोण आहे?"

स्टूल उचलून ती निघून गेली. मला त्या दिवशी फार लाज वाटली. त्यानंतर ती पुन्हा चौकात आली नाही, आणि दोन वर्षांनी गेली.

माझं काम मात्र बिनबोभाट चालू राहिलं. दर राष्ट्रीय दिनी सकाळी आठला यंत्र आपोआप सुरू व्हायचं. चौकात चिटपाखरू नसायचं. मीच विचारायचो, मीच "हजर" म्हणायचो. हळूहळू माझ्या लक्षात आलं, की उत्तर देणारेही एकेक करून गेले होते. मेलेल्यांची नावं मी मेलेल्यांच्या आवाजात त्या रिकाम्या चौकाला ऐकवत होतो. आत्याचा खोकला आला की कुत्रं धावत यायचं आणि जिथे तिचं स्टूल असायचं तिथे जाऊन शेपटी हलवायचं. मला ते बघवत नसे, पण मला डोळे मिटता येत नाहीत.

आज राष्ट्रीय दिन. हल्ली माझा आवाज फाटू लागला होता, म्हणून सकाळीच वायरमन शिडी घेऊन आला. आता त्याचे केस पिकले आहेत. त्याचा कान माझ्या तोंडाशी होता, तेवढ्यात आठ वाजले. आधी त्याला स्वतःचाच, घसा बदलून काढलेला आवाज तीनदा ऐकू आला. मग आत्या त्याच्या कानात म्हणाली, "हजर," आणि खोकली.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने पक्कड काढली आणि माझी वायर तोडून टाकली. खाली उतरून तो शिळेपुढे उभा राहिला.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "माझ्या घरचे नव्हते ते तिघे."

शिळेवर बोट ठेवून, त्याच नावापासून, त्याने स्वतःच्या घोगऱ्या आवाजात सुरुवात केली. "घड्याळजीचा धाकटा."

कुणी बोललं नाही. आजूबाजूच्या खिडक्या बंद होत्या. त्याला स्वतः उत्तर देता आलं असतं, पण ते त्याने एकदा करून पाहिलं होतं. तो थांबला. आणि मग, वायर तुटलेली असताना, माझ्या तोंडातून बारीकसा खोकला आला. वारा शिरला असेल, मित्रांनो. मी पत्र्याचा आहे, वारा शिरला की मी वाजतो. पण कुत्रं धावत आलं.

मित्रांनो, भोंगा मोठ्याने बोलतो म्हणून त्याला आठवण असते असं समजू नका. आठवण ठेवायला जिवंत माणूस लागतो, आणि त्याला घरातून उठून चौकात यावं लागतं. ज्यांच्यामुळे तुम्हाला ही सुट्टी मिळाली, त्यांच्या घरचं आता इथे कुणी उरलेलं नाही. म्हणजे घरचे आता तुम्हीच.

ऊन शिळेवर आलं आहे. वायरमन अजून त्याच नावावर बोट ठेवून उभा आहे. नेम त्याला माहीत आहे, उत्तर आल्याशिवाय तो पुढे जाणार नाही. माझी वायर तुटली आहे, या वेळी तुमच्याऐवजी मी बोलू शकत नाही.

मित्रांनो, कुठे आहात तुम्ही?