सुदामा वाटेतच

"काल रात्री साडेआठला विमान सुटलं. साडेबारा हजार किलोमीटर, पंधरा तास. म्हणजे साडेअकराला मुंबई, तिथून दुसरं विमान, आणि दोनच्या आत लेक आपल्या दारात!" जयवंतरावांनी कागदावरचं गणित खाटेवरच्या कुसुमावतींना वाचून दाखवलं. चौतीस वर्षं रेल्वेत गार्ड होते ते. गाडी कुठेही जावो, घड्याळ एकच.

डॉक्टर सकाळीच सांगून गेले होते, आजचा दिवस जाईल तेवढा आपला.

"दोनपर्यंत ना? थांबते मग," कुसुमावती म्हणाल्या. तेवढ्यानेही धाप लागली.

दहाला अमेरिकेहून जावयाचा फोन आला. "बाबा, साडेआठ ते इथले, रात्रीचे. तुमच्याकडे तेव्हा सकाळचे सहा वाजले होते. स्नेहल रात्री नऊला मुंबईत उतरेल. बडोद्याला यायला सकाळ उजाडेल."

जयवंतरावांनी तो कागद पुन्हा पाहिला. साडेनऊ तास गणितातून गळून गेले होते, आणि तेवढ्यावर त्यांनी कुसुमावतींना शब्द देऊन ठेवला होता.

दांडिया बाजारातल्या देवळातलं एकही कीर्तन कुसुमावतींनी चुकवलं नव्हतं, आणि आरतीआधी त्या कधी उठल्या नव्हत्या. पोटात कळा सुरू झाल्या तेव्हासुद्धा आरती घेऊनच दवाखान्यात गेल्या. त्याच रात्री स्नेहल झाली. जयवंतराव काही बुवा नव्हेत, बुवांच्या मागे उभं राहून झांज वाजवणारे. ती झांज घेऊन ते खाटेशी बसले.

"सुदाम्याचं आख्यान लावू?"

"तुम्ही? आवाज फाटका मेला!" त्या क्षीण हसल्या. "लावा."

सुदामा पोह्यांची पुरचुंडी घेऊन द्वारकेला निघाला. जयवंतराव त्याला पोचू देईनात. विरमगामला त्याने पाय धुतले, सुरेंद्रनगरला धर्मशाळेत टेकला.

"अहो, बडोद्याहून काढलात की काय त्याला?"

दोन वाजले. कुसुमावतींनी दाराकडे पाहिलं. जयवंतरावांची झांज थांबली.

"माझं गणित चुकलं गं. ती उद्या सकाळी येईल."

त्यांनी दारावरची नजर काढली. मग म्हणाल्या, "तर मग सुदाम्याला घाई करू नका."

राजकोटला सुदामा वाट चुकला. पुन्हा मागे आला. जयवंतरावांचा घसा बसला. शेजारच्या निरुपमाबेन चहा घेऊन आल्या, "काका, थोडुं पी लो," म्हणाल्या. चहावर साय धरली. दिवेलागणीला कुसुमावतींच्या श्वासांत लांब लांब खंड पडू लागले. 'पांडुरंगा, आयुष्यभर तुझ्या दारात झांज वाजवली, काही मागितलं नाही. एवढी एक रात्र दे.'

"कुठवर आला?"

"जामनगर सुटलं."

"पाय दुखत असतील हो त्याचे," कुसुमावती म्हणाल्या. पुढे बोलल्या नाहीत.

सकाळी स्नेहल बॅग ओढत आली, तेव्हा अंगणात बांबू येऊन पडले होते. माणसं खाली मान घालून उभी होती. निरुपमाबेननी तिला पोटाशी धरलं. "बेटा, काका कोईने अडवा नथी देता." रात्रीपासून त्यांनी कोणाला तिच्या आईला हात लावू दिला नव्हता.

आत जयवंतरावांचे ओठ हलत होते, आवाज जेमतेम फुटत होता. झांज मांडीवर होती. त्यांनी लेकीकडे पाहिलं; मग प्रवासाने सुजलेल्या तिच्या पावलांकडे.

"द्वारका आली," ते कुसुमावतींच्या कानाशी वाकून म्हणाले.

मग गुडघ्यावर हात देत उठले, देव्हाऱ्यातलं निरांजन लावलं आणि लेकीच्या हाती दिलं.

"आरती म्हण. त्याशिवाय ती उठायची नाही."