पश्चिमेला शांती आहे का?

ओवेनने काठी गवतात रोवली आणि नदीकडे तोंड केलं. पलीकडे डेट्रॉइटच्या इमारतींवर ऊन चढलं होतं.

“उत्तरेला शांती आहे?”

“आहे,” बारशासाठी रिंगण करून उभे असलेले सगळे म्हणाले.

दक्षिणेलाही होती. मग पांढऱ्या झग्याचा घोळ सावरत तो पार्किंगच्या बाजूला वळला.

“पश्चिमेला?”

लोक तोंड उघडणार तोच वनिताबाईंनी खणखणीत आवाजात सांगितलं, “नो.”

मेगनचे वडील खोकले. मेगनने बाळ छातीशी घट्ट धरलं.

“आई, हे नुसतं म्हणायचं असतं,” निहार दात आवळून पुटपुटला. “येस म्हण.”

“का? विचारलंय ना त्यानं? मग खरं सांगितलं.”

“सॉरी, ओवेन. तिला समजलेलं नाही. प्लीज, कंटिन्यू.”

ओवेनने काठी उपसली नाही. “मी विचारलं, त्यांनी उत्तर दिलं,” तो शांतपणे म्हणाला. “आता मला थांबायला हवं.”

हा ओवेन ड्रुइड, म्हणजे झाडं-नद्या पूजणाऱ्या जुन्या युरोपी पंथाचा पुजारी. मेगनच्या माहेरचं बारसं असो की अंत्यविधी, तोच करायचा. निहार आणि मेगनचे हात दोरीने बांधून लग्नही त्यानेच लावलं होतं. ‘झाडाला नमस्कार करायला झगा कशाला लागतो,’ असं वनिताबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, आणि त्याचं नाव दाढीवाला भटजी ठेवून मोकळ्या झाल्या होत्या. पण मागच्या आठवड्यात तो विधी समजवायला घरी आला, थालीपीठ मागून घेऊन खाल्लं, आणि बोलता बोलता या चार दिशांपाशी आला. तेव्हा बाईंनी तवा उतरवून ठेवला.

“पीपल से नो, देन?”

हातातला घास तसाच धरून तो विचारात पडला होता. आजवर कोणी नाही म्हणालंच नव्हतं.

“देन आय स्टॉप,” तो म्हणाला होता. “शांती नसेल तर पुढचा शब्द उच्चारायचा नाही. आमची रीत आहे.”

बाईंनी त्याला आणखी एक थालीपीठ वाढलं होतं.

त्याच संध्याकाळी त्यांनी चार तासांवरच्या नॉर्थ यॉर्कला साक्षीला फोन केला. साक्षी निहारची थोरली बहीण. तीन वर्षांपूर्वी लग्नाच्या दिवशी, मेगनच्या देखत, ‘हा खेळ वर्षभर टिकला तर मला सांगा,’ म्हणाली होती. तेव्हापासून निहारने तिचं नाव टाकलं होतं. या बारशालाही बोलावलं नव्हतं. ‘नाव ठेवायला ओवेन आहे, आत्याचं काय अडलंय,’ म्हणाला होता.

“ये,” बाई फोनवर म्हणाल्या होत्या. “गाडीतच बस. बोलावल्याशिवाय उतरायचं नाही.”

आता ओवेन त्यांच्याकडे बघत होता. “पश्चिमेला काय झालं की शांती होईल?”

“त्या करड्या गाडीत माझी लेक बसलीय. बाळाची आत्या.” बाई मराठीतच बोलल्या. “ती आहे तोवर आमच्यात दुसरं कोणी कानात नाव सांगत नाही. सांग रे त्याला इंग्लिशमधून.”

निहारने सांगितलं नाही.

त्याला न विचारताच मेगनने बाळ त्याच्या हातात दिलं आणि ती गवतातून पार्किंगकडे चालू लागली. हे बाईंच्या हिशेबात नव्हतं. त्यांनी पदर उगाच नीट केला.

गाडीचं दार उघडलं. दोघी काय बोलल्या ते वाऱ्यात कळलं नाही. साक्षी खाली मान घालून रिंगणापाशी आली.

“चारचौघांत बोललीस, चारचौघांत माफी माग,” बाई म्हणाल्या.

“आई, ती गाडीत माफी मागितली,” मेगन आपल्या तोडक्या मराठीत म्हणाली.

“मी नाही ऐकली.”

साक्षीने मान वर केली. “मेगन, आय वॉज रॉंग. निहार, चुकलंच माझं.”

ओवेनने पुन्हा विचारलं. सगळे म्हणाले, आहे. निहार गप्प होता. ओवेन त्याच्यासाठी थांबला. बाईही, जन्मात पहिल्यांदाच, काही बोलल्या नाहीत.

बाळाने निहारचं बोट तोंडात घातलं.

“आहे,” तो म्हणाला.

पूर्वेचा प्रश्न विचारून होताच ओवेनने बाळाच्या कपाळाला नदीचं पाणी लावलं आणि स्वतः मागे सरकून साक्षीला जागा दिली. साक्षी बाळाच्या कानाशी वाकली.

“कुर्रर्र... जाई.”

“आता आत्याची पाठ,” बाई म्हणाल्या. “निहार, हो पुढं. तीन वर्षांचा मार राहिलाय.”

मेगनने बाळ घेतलं. निहारने बहिणीच्या पाठीत असा काही धपका घातला की झाडावरचे पक्षी उडाले. आणखी एक घातला. साक्षी रडत होती की हसत होती, सांगता येत नव्हतं. तिसऱ्या वेळी उचललेला हात तिच्या खांद्यावरच राहिला.

ओवेन काठी घट्ट धरून हे बघत होता. त्याने घाबरून वनिताबाईंकडे पाहिलं.

“पीस?”

“फुल पीस,” बाई म्हणाल्या, आणि घुगऱ्यांचा डबा उघडायला वळल्या.