पाईकाचा चमचा

मी चमचा बोलतोय. आमटी वाढायचा नव्हे, मासे धरायचा. पाठीला पितळ, पोटाला चांदीसारखा मुलामा आणि शेपटीला तीन टोकांचा गळ. जन्म फिनलंडचा. तिथल्या गोठलेल्या तळ्यांत पाईक नावाचा दांडगा, दातेरी मासा असतो. बर्फाला भोक पाडून मला खाली सोडायचं आणि त्यानं मला मासोळी समजून झडप घालायची, असं माझं नशीब ठरलेलं होतं.

पण ऑफिसच्या टूरवर आलेल्या विजयकुमारनं मला विकत घेतलं आणि अबू धाबीला नेऊन ऑफिसातल्या मित्राच्या, हिलरीच्या हातात ठेवलं. हिलरी वसईचा. मासेमारीचं वेड पुष्कळ, यश शून्य.

"पाईक म्हणजे इमानी सेवक," विजयकुमार म्हणाला, "आणि हा त्याचाही चमचा! हिलरी, प्रमोशन पक्कं तुझं!"

दोघं खूप हसले. मला काही विनोद कळला नाही. आमच्याकडे चमच्याला नुसतं चमचाच समजतात.

पुढचे दोन हिवाळे मी डब्यात पडून होतो. या डिसेंबरात डॉलीची आई, म्हणजे हिलरीच्या सासूबाई आल्या. होडीवाल्या घरातल्या, मासळी विकण्यात हयात गेलेली. ऑफिसात बसणारा जावई त्यांच्या लेखी अजून कच्चाच, आणि अठरा वर्षं हे हिलरीला टोचत होतं. त्यानं फोनवरच शब्द देऊन टाकला होता, "मम्मी, या ख्रिसमसला माझ्या हातचा मासा खायचा. मार्केटचा नाही!"

नाताळच्या आदल्या शनिवारी सकाळी रीम आयलंडच्या बाविसाव्या मजल्यावर जेवणाच्या टेबलाचा कारखाना झाला. हिलरीनं नवी दोरी भरली. माशाच्या दातांनी ती तुटू नये म्हणून पुढे बारीक तार जोडली. माझा गळ कानशीनं घासून नखावर तपासला आणि मला टूथपेस्टनं पुसायला घेतलं.

"पितळेला चिंच लावतात रे," म्हणत सासूबाईंनी मला ओढून घेतलं. काय सांगू, इतक्या प्रेमानं मला कुणी चोळलं नव्हतं!

आमिषाची तयारी हिलरीनं आधीच केली होती. कोळंबी सोलून, मीठ-लसूण चोळून आइस्क्रीमच्या डब्यात मुरत ठेवलेली. लसणाच्या वासानं मासा येतो असं त्यानं व्हिडिओत पाहिलं होतं. आता आपल्या लोकांच्या फ्रीजमधल्या आइस्क्रीमच्या डब्यात आइस्क्रीम सोडून काहीही असतं, हे सासूबाईंना पक्कं ठाऊक.

"मम्मी, कोळंबी फर्स्ट क्लास!" दुपारी हिलरी बोटं चाटत म्हणाला.

"मुरवलेली तयारच होती डब्यात. मी नुसती तिखट लावून तळली."

हिलरीचा घास हातातच राहिला. "तो बेट होता, मम्मी!"

"कोण बेटा?"

"ग्रॅनी, वी जस्ट एट द बेट!" लेक ट्रेसी किंचाळली. "सो ग्रॉस!"

"खलास!" डॉली म्हणाली. "आमिष पोटात गेलं, आता मासा कशानं पकडणार?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझी छाती फुगली.

सासूबाईंना घेऊन समुद्राच्या बंधाऱ्यावर गेल्यावर हिलरीनं मोबाईलमधला परवाना दोनदा तपासला आणि मला फेकलं. मी नाचलो, चमकलो, जखमी मासोळीसारखा लंगडलो. दोन तासांनी एकदाचा हिसका बसला. "आला! यल्ला, चला मम्मी, बघा!" हिलरी ओरडला.

मासा बाहेर आला. माझ्यापेक्षा दोन बोटं मोठा.

सासूबाईंनी वाकून तो बघितला. "सोड रे त्याला," त्या हळूच म्हणाल्या. "त्याची आई शोधत असेल."

हिलरीनं मासा पाण्यात सोडला आणि मान खाली घालून गाशा गुंडाळला. मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी तो बेसिनपाशी मला धूत असताना बाहेरून सासूबाईंचा आवाज आला. त्या वसईला बहिणीशी फोनवर बोलत होत्या.

"अगं रेजिना, जावयानं मासा धरला ना! केवढा म्हणून विचारतेस? माझा एक हात पुरत नाही दाखवायला! मग सोडून दिला. मन मोठं आहे त्याचं. आणि कोळंबी त्यानं स्वतःच्या हातानं मुरवलेली, तशी मी जन्मात खाल्ली नाही."

नळ तसाच वाहत राहिला. हिलरीनं बाहीनं डोळे पुसले. अठरा वर्षांचं टोचणं त्या संध्याकाळी संपलं, हे मी स्वतः पाहिलं.

आता माझा गळ काढलाय आणि मी ख्रिसमस ट्रीवर लटकतोय. पाहुणे येतात, मासा केवढा होता विचारतात. हिलरी दोन्ही हात पसरतो. कालपासून त्यात वीतभर वाढ झाली आहे.

तुम्हीही या. माझं कौतुक करा, कोळंबी खा. पण मासा खरंच केवढा होता, हे मात्र मला विचारू नका. विजयकुमारचा विनोद आता मला कळलाय. मी चमचा आहे. हिलरी म्हणेल तेवढाच होता.