पाटी आडवीच राहिली

तिने खुर्ची पुढे ओढली आणि देशाच्या नावाच्या पाटीसमोर बसली. शिष्टमंडळाचे प्रमुख, म्हणजे तिचे साहेब, मंत्रालयाचा फोन घ्यायला बाहेर निघाले होते.

"बंदीचा ठराव आला की पाटी उभी करायची. बोलायचं काही नाही. जमेल ना?"

"जमेल, सर."

मासेमारी आयोगाची ही रीतच होती. शास्त्रीय समितीने सल्ला द्यायचा, सदस्य देशांनी निर्णय घ्यायचा, तोही एकमताने. पाटी उभी केली तर हरकत. कुणीच केली नाही तर मंजूर. बंदीचा सल्ला देणाऱ्या समितीत ती स्वतः होती. मासे जिथे अंडी घालतात तो पट्टा लवकरच रिकामा होणार, हे गणित तिनेच पुन्हा पुन्हा तपासलं होतं. या सभागृहात मात्र ती पहिल्यांदाच बसली होती.

मांडीवरचा फोन थरथरला. दादाचा मेसेज. त्याची बोट त्याच पट्ट्यात जाळी टाकायची.

'काय गं शहाणे, होतेय का बंदी? गिऱ्हाईक दारात बसलंय. होणार असेल तर आत्ताच देऊन टाकतो बोट. नंतर भंगारवालाही विचारणार नाही.'

अध्यक्षांनी ठराव वाचला. "कुणाची हरकत?"

तिचा हात पाटीपर्यंत गेला. मग तिने पाटीवरची नसलेली धूळ पुसली आणि हात मागे घेतला.

ठराव मंजूर झाला.

'झाली बंदी,' तिने दादाला कळवलं.

साहेब परतले तेव्हा चहाची सुट्टी झाली होती. ती उभी राहिली.

"सर, पाटी मी..."

"कळलं मला." ते रागावले नव्हते. "बस खाली. आभाळ नाही कोसळलं. लेखी हरकत घ्यायला मुदत असते. ती घेतली की ठराव आपल्या बोटींना लागूच होत नाही. उलट बरं झालं, इथे चारचौघांत वाईटपणा नाही आला. मसुदा तूच कर. आकडे तुला पाठ आहेत."

"म्हणजे आपल्या बोटी जाणार?"

"कालच्यासारख्याच."

त्यांनी लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला आणि ते चहा आणायला गेले.

फोनवर दादाचा नवा मेसेज होता. 'दिली बोट. तू सांगितलंस म्हणून, नाहीतर माझा जीव झाला नसता.'

तिने 'दादा, बंदी आपल्याला' एवढं टाइप केलं आणि खोडलं. मग तिने विचारलं, 'जेवलास का?'